हिप-हॉप ऐकताना शब्द बाष्कळ असले तर काय बिघडतं?

लयवेडी

परवा सकाळी घरात हिप-हॉप लावलं होतं. मोठा भाऊ खोलीत आला, मिनिटभर उभं राहून ऐकलं आणि म्हणाला, "तो काय बोलतोय ते कळतंय ना तुला? टोपी, गाडी, घड्याळ, परत टोपी. एवढं वाचन तुझं, आणि हे ऐकतेस?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतेय.

माझं मत आधीच सांगते. बाष्कळ शब्दांनी हिप-हॉपचा आनंद कमी होत नाही. कित्येकदा तो बाष्कळ शब्द तिथे आहे म्हणूनच ओळ उभी राहते. मी शब्दांकडे कानाडोळा करून ऐकते असं कुणाला वाटेल, तर तसं अजिबात नाही. मी शब्दच ऐकते, फक्त आधी त्यांचा आवाज ऐकते. कुठलं अक्षर ठोक्यावर पडलं, कुठलं केसभर मागे रेंगाळलं, श्वास कुठे चोरून घेतला. अर्थ त्याच्या मागून येतो, आणि कधीकधी येतच नाही.

या संगीताचा जन्मही तसाच झालाय. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, १५२० सेजविक अव्हेन्यू. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या कपड्यांना पैसे जमावेत म्हणून इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, आणि तबकड्या लावायला तिचा भाऊ होता, कूल हर्क. गाण्यातला नुसत्या ड्रमचा छोटा तुकडा, म्हणजे ब्रेक, वाजायला लागला की लोक नाचायला पुढे सरसावतात हे त्याने हेरलं होतं. मग तोच तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लावून त्याने तो लांबवायला घेतला. माइकवर त्याचा दोस्त कोक ला रॉक. तो कविता म्हणत नव्हता, हजर असलेल्या मित्रांची नावं पुकारत होता, नाचणाऱ्यांना चेव आणत होता. म्हणजे इथे ताल आधी आला, आणि बोलणं त्या तालाला साथ म्हणून.

तुम्ही कसं ऐकता? शब्द खटकले तर गाणं बंद करता का?

शब्दशः

मी बंद करतो. आणि त्यात मला काही चूक वाटत नाही.

ख्याल गाणाऱ्याकडे शब्द दोन ओळींचे असतात, तिथे स्वर सगळं काम करतात, मान्य. पण रॅपरच्या एका गाण्यात शेकडो शब्द असतात. चाल जवळजवळ नाहीच. त्याच्या हातात शब्दांखेरीज दुसरं काय आहे? इतके शब्द वापरायचे आणि अर्थाची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, हे मला पटत नाही. 'द मेसेज' हे रॅप गाणं १९८२ चं आहे. पडझड झालेल्या वस्तीत माणूस कसा कोंडला जातो ते त्यात आहे, आणि चाळीस वर्षांनंतरही ऐकताना अंगावर येतं. रॅपर केंड्रिक लामारच्या 'डॅम' अल्बमला २०१८ चं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या कुठल्या संगीताला तोवर ते मिळालं नव्हतं. ही माणसं अर्थासाठी जीव टाकतात. त्यांच्या शेजारी टोपी-गाडी-घड्याळ ठेवून "दोन्ही सारखंच, ठेका चांगला आहे" म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मिणमिण

शब्दशः यांच्याशी सहमत. मला मध्येच थांबून "हे काय बोलला हा" असं होतं आणि मजा जाते.

काळी_दोन

मी तबला शिकलोय, त्यामुळे माझा कान आधी तिकडेच जातो.

शब्दशः, रॅपरच्या हातात शब्दांखेरीज काय आहे असं तुम्ही विचारलंत. लय आहे, आणि ती छोटी गोष्ट नाही. एक माप घ्या, चार ठोक्यांचं. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर किक, म्हणजे तो पोटात जाणवणारा धम्म. दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअर, म्हणजे कोरडा फटका. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की सोळा घरं झाली. मिनिटाला ९० ठोक्यांची लय असेल तर एका घराला सेकंदाचा सहावा भाग मिळतो. एवढ्याशा जागेत अक्षर कुठल्या घरात ठेवायचं, कुठलं घर रिकामं सोडायचं, हे माणूस तोंडाने करतोय. आपण तबल्याचे बोल पढतो तेव्हा दुसरं काय करतो?

एक उदाहरण मी स्वतःच जुळवलंय:

खुर्चीत बसलो, मिरचीत फसलो.

अर्थ शून्य. मिरचीत कुणी फसत नाही. आता टाळी देत म्हणा. 'खुर्' पहिल्या ठोक्यावर, 'बस्' दुसऱ्यावर, 'मिर्' तिसऱ्यावर, 'फस्' चौथ्यावर. म्हणजे दोन्ही किकवर खुर्-मिर्, दोन्ही फटक्यांवर बस्-फस्. यमक नेमकं फटक्याच्या पाठीवर बसलंय.

आता ओळ शहाणी करून पाहू. "खुर्चीत बसलो, अडचणीत फसलो." अर्थ आला, पण 'अडचणीत'मध्ये एक अक्षर जास्त आहे. एकतर ते घाईत गिळावं लागतं, नाहीतर 'फस्' फटक्याच्या पुढे निसटतो. बरं, "गोत्यात फसलो" करू. आता माप बरोबर, अर्थही सरळ. पण 'खुर्चीत'ला उत्तर देणारं 'चीत' गेलं, आणि ओळ भातुकलीतल्या भांड्यासारखी पोकळ वाजायला लागली. मला तिन्ही ओळींतून एक निवडायची असेल तर मी डोळे झाकून मिरची घेईन.

लयवेडी

काळी दोन, हे मी मोठ्याने म्हणून पाहिलं. 'अडचणीत'ला खरंच अडखळायला होतं. भावाला मला हेच सांगायचं होतं आणि सुचलं नव्हतं.

जुना_श्रोता

शब्दांकडे लोक किती लक्ष देत होते याचा एक किस्सा सांगतो. किस्सा म्हणजे सर्वज्ञात गोष्ट आहे.

'रॅपर्स डिलाइट' १९७९ चं. रॅपचं पहिलं मोठं गाजलेलं रेकॉर्ड. लांब आवृत्ती चौदा मिनिटांच्या वर आहे. सुरुवातच निरर्थक अक्षरांच्या खेळाने होते, आणि पुढे मित्राच्या घरी जेवायला गेल्यावर जेवण वाईट निघतं यावर आख्खं कडवं आहे. एवढ्या बाष्कळ मजकुरावर हे संगीत ब्रॉन्क्सबाहेर जगभर पोचलं.

पण खरी गंमत पुढे आहे. त्यातल्या बिग बँक हँकने ज्या ओळी म्हटल्या, त्या ग्रँडमास्टर कॅझच्या होत्या. कॅझचं त्या काळचं नाव कॅसानोव्हा फ्लाय. त्याने आपल्या ओळींमध्ये स्वतःच्या नावाचं स्पेलिंग गुंफलं होतं, आणि हँकने ते जसंच्या तसं म्हटलं. म्हणजे गाणारा माणूस दुसऱ्याच माणसाचं नाव अक्षर अक्षर सुटं करून आपलं म्हणून सांगतोय, आणि लाखो लोक त्यावर नाचले. कुणाला ते अडलं नाही, कारण ती अक्षरं ठेक्यात चपखल बसली होती. कॅझला मात्र त्या ओळींचं श्रेय रेकॉर्डवर मिळालं नाही, आणि हे मला आजही लागतं. शब्द बाष्कळ असले तरी कुणीतरी बसून घडवलेले असतात. त्यांना कारागिरी म्हणून मान नसेल, तर ते उचलायलाही कुणाला काही वाटत नाही.

लयवेडी

हे शेवटचं वाक्य मी भावाला वाचून दाखवणार.

शब्दशः, 'द मेसेज'बद्दल एक भर घालते. तुमचा मुद्दा खोडायला नाही, ते गाणं मलाही फार मोठं वाटतं. पण ग्रँडमास्टर फ्लॅशच्या गटाला ते करायचंच नव्हतं. लोक नाचायला येतात, त्यांना ज्या हलाखीतून दोन तास सुटका हवी असते तीच परत का ऐकवायची, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी गटातल्या एकट्या मेली मेलने ड्यूक बूटीबरोबर ते म्हटलं. म्हणजे पार्टीतली बडबड त्या लोकांना कमी दर्जाची वाटत नव्हती. त्यांच्या लेखी ते गंभीर काम होतं. पोळलेल्या माणसाला नाचवणं हे गंभीर कामच आहे.

शब्दशः

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

तरीही माझा प्रश्न राहतो. काळी दोन यांचं उदाहरण सुंदर आहे, पण त्यांनी मिरचीची ओळ तीन पर्याय तपासून निवडली. सगळे तेवढे कष्ट घेतात का? ब्रँडचं एकच नाव दहा वेळा म्हणणाऱ्या गाण्यात कुठली निवड आहे?

काळी_दोन

तुम्ही बहुतेक मिगोस या रॅप गटाच्या 'व्हर्साची'बद्दल बोलताय, २०१३ चं. त्याच गाण्यावर बोलू, कारण ते मी पुष्कळदा ऐकलंय.

व्हर्-सा-ची. अक्षरं तीन. एका ठोक्याचे एरवी चार भाग करतात, इथे त्यांनी तीन केले आणि तिन्ही भागांवर एकेक अक्षर ठेवलं. आपल्या भाषेत ही तिस्र जाती. गुरुजी 'तकिट तकिट तकिट' म्हणवून घेतात, तेच. खाली ड्रम चाराच्या हिशेबाने चाललेत, वर तोंड तिनाच्या हिशेबाने. ती ओढाताण तुम्हाला कानात जाणवते, शब्द न कळता जाणवते. ही युक्ती त्यांनी शोधलेली नाही, मेम्फिसच्या थ्री सिक्स माफिया या गटाकडे ती नव्वदच्या दशकातच होती. पण या गाण्यानंतर जो तो तिनात बोलायला लागला.

'तकिट'चा अर्थ काय असं गुरुजींना कुणी विचारत नाही. इथेही तो शब्द नाही, बोल आहे.

कष्टांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. सगळे घेत नाहीत. ढिसाळ ओळी मलाही ऐकवत नाहीत. पण ढिसाळ आणि बाष्कळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उदात्त अर्थाची ओळसुद्धा ढिसाळ असते, आणि ती मला जास्त त्रास देते.

गंधार

तराण्याचा उल्लेख अजून कसा आला नाही! तोम, तनन, दिर दिर. बोलांना अर्थ नाही, पण द्रुत लयीत तराणा रंगला की माणसं जागची हलत नाहीत. आणि आपली पहिली कविता कुठली? अडगुलं मडगुलं. त्यातलं 'मडगुलं' म्हणजे काय, हे विचारून कुठलं मूल हसायचं थांबलंय? भाषा कळायच्या आधी आपल्याला भाषेचा नाद कळतो. हिप-हॉप तिथे परत नेतं, म्हणून मला ते आवडतं.

निवांत

गंधार, तुमच्या प्रतिसादामुळे लिहितोय, एरवी मी वाचनमात्र असतो.

मी हिप-हॉप ऐकायला लागलो तेव्हा मला इंग्रजी जेमतेम यायचं. त्या वेगातलं तर एक वाक्य कळायचं नाही. पाच-सहा वर्षं मी ही गाणी निव्वळ आवाज म्हणून ऐकली. रॅपर रकीमच्या आवाजावर माझा फार जीव. १९८७ चा 'पेड इन फुल' अल्बम मी इतका ऐकलाय की ओळी पाठ होत्या, म्हणजे त्यांचे आवाज पाठ होते, शब्द नव्हेत. तो ओरडत नाही, शांतपणे बोलतो, आणि यमक ओळीच्या शेवटी येईल म्हणून आपण वाट बघावी तर ते मध्येच दोनदा येऊन गेलेलं असतं. पुढे वाचलं की तो सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॅझ सॅक्सोफोनवादक कोलट्रेनचं वादन कानात ठेवून ओळी रचायचा. मला शब्द न कळता जे ऐकू येत होतं ते काय होतं, हे त्या दिवशी कळलं.

नंतर इंग्रजी सुधारलं. मग मी एकेक गाणं काढून शब्द वाचायला बसलो. काही गाणी दुप्पट आवडायला लागली. काही होती तशीच राहिली, टोपी-गाडी-घड्याळवाली, त्यांचं काही नुकसान झालं नाही. पण एक गाणं, नाव सांगत नाही, मी ज्याच्यावर वर्षानुवर्षं मान डोलावली होती, त्यात एका बाईला मारहाण करण्याचं वर्णन निघालं. मस्तीत, बढाई मारत केलेलं. त्या दिवसानंतर ते गाणं मी पूर्ण ऐकू शकलो नाही. ठेका तोच आहे, आवाज तोच आहे. पण ती ओळ जवळ आली की आधीच पोटात गोळा येतो.

म्हणून मला शब्दांनी फरक पडत नाही असं म्हणवत नाही.

अबोली

निवांत, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी दुपारपासून हेच कसं मांडावं याचा विचार करत होते.

बाष्कळ आणि विखारी यांची गल्लत या विषयात नेहमी होते, दोन्ही बाजूंनी. ज्यांना हिप-हॉप आवडत नाही ते जेवणाबद्दलच्या कडव्यालाही घाण म्हणतात. आणि ज्यांना आवडतं ते बायकांबद्दलच्या घाणेरड्या ओळीलाही "अगं, शब्दांकडे काय बघतेस, फ्लो बघ" म्हणून सोडून देतात. हे दुसरं वाक्य मी आजवर किती पुरुषांकडून ऐकलंय! शब्दांकडे बघू नको हे ज्याच्याबद्दल ती ओळ नाही त्याला सांगायला सोपं जातं.

मला मिरचीत फसलो चालतं. मला दहा वेळा व्हर्साची चालतं. बिझ मार्कीचं 'जस्ट अ फ्रेंड' तर मला मनापासून आवडतं. १९८९ चं गाणं, ध्रुवपद तो अक्षरशः बेसूर गातो, शब्द शाळकरी पोराच्या तक्रारीसारखे, आणि तरी ते अमेरिकेत पहिल्या दहांत पोचलं. त्यात कुणाचा अपमान नाही, एका फसवल्या गेलेल्या माणसाचं भाबडं दुःख आहे. भाबडेपणा खरा वाटतो, कारण आवाज फाटतो तिथे तो लपवत नाही.

पण जी ओळ मला वस्तू म्हणते तिला मी बाष्कळ म्हणणार नाही. ती अर्थपूर्ण आहे आणि अर्थ मला नीट कळतो. हे हिप-हॉपच्या बाहेरून म्हटलेलं नाही. क्वीन लतीफाने १९९३ मध्येच 'युनिटी' काढून, रस्त्यावर आणि गाण्यांत बायकांना जी नावं ठेवली जातात त्यांचा समोरासमोर हिशेब मागितला होता, आणि त्या गाण्याला ग्रॅमीही मिळालं. तिने ते ठेक्यावर बसवूनच मागितलं.

शब्दशः

अबोली, पटलं. माझ्या पहिल्या प्रतिसादात मीही हीच गल्लत केली होती. मला राग विखारी ओळींचा होता आणि मी तो टोपी-घड्याळावर काढला.

कलम

एक वेगळी बाजू. अमेरिकेत फौजदारी खटल्यांत रॅपच्या ओळी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वाचून दाखवल्या जातात. गाण्यात बंदूक आहे, म्हणजे हातात होती. कोर्टात त्या ओळी सपाट आवाजात वाचल्या जातात, मागे ठेका नाही, समोर नाचणारं कुणी नाही. बढाई मारणं ही या प्रकारातली जुनी रीत आहे हे ज्यूरीतल्या माणसाला कोण सांगणार? कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अशा पुराव्याला आधी गाळणी लावली: ओळी दाखवण्याआधी न्यायाधीशाने त्यांचं पुरावा म्हणून मोल किती आणि त्यातून पूर्वग्रह किती होईल, हे तोलायचं.

म्हणून शब्दाला शब्दाच्या किमतीने घेणं दरवेळी शहाणपणाचं असतंच असं नाही. कधीकधी त्यापायी माणूस तुरुंगात जातो.

मिणमिण

बापरे. याचा विचारच केला नव्हता.

लयवेडी

सगळ्यांचे आभार. अबोली आणि निवांत, तुमच्यामुळे मी माझ्या पहिल्या पोस्टमधलं "आनंद कमी होत नाही" हे वाक्य मागे घेते. बाष्कळ शब्दांनी होत नाही. विखारी शब्दांनी माझाही होतो, आणि मी ते स्वतःशी मान्य करायचं टाळत होते.

एक गोष्ट राहिली. मिसी एलियटचं 'वर्क इट', २००२. त्याच्या ध्रुवपदात एक ओळ येते आणि पाठोपाठ काहीतरी अगम्य गडबडगुंडा येतो. मी कितीतरी दिवस ती कुठली तरी परकी भाषा समजत होते, आणि तोंडाने तस्संच म्हणायचे. ती आधीचीच ओळ आहे, उलटी वाजवलेली. ती आधीच्या ओळीत सांगते की मी हे उलटं करते, आणि मग खरंच करते. म्हणजे जे मला निरर्थक वाटत होतं ते इतकं सरळ होतं! उलट्या बाजूने आलेली अक्षरं आधी हळूच उगवतात आणि एकदम तुटतात, आणि ती तुटण्याची जागा फटक्यावर येते. हेडफोन लावून ऐका, दिसतं. पुढे २०१९ मध्ये तिला अमेरिकेच्या साँगरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. हिप-हॉपमधली ती मान मिळवणारी पहिली बाई. गीतकार म्हणून घेतलं, हे मला फार आवडलं.

भावाला हा धागा वाचायला दिला. त्याने टेबलावर बोटं वाजवत 'खुर्चीत बसलो' म्हणून पाहिलं, मग 'गोत्यात' घालून पाहिलं, आणि पुन्हा 'मिरचीत'वर आला. त्या टोपीवाल्या गाण्याबद्दलचं त्याचं मत अजून तेच आहे. पण तो आता पुढची ओळ शोधतोय, आणि दोन दिवस झाले सापडत नाहीये. कुणाला सुचली तर द्या.

शब्दशः

गर्दीत घुसलो, वर्दीत दिसलो.

मी दुसऱ्या ठोक्यावर 'घुस्' आणि चौथ्यावर 'दिस्' ठेवून पाहिलं, बसतंय. आणि याला अर्थही आहे.